चुलीवर भाजलेला प्लग

आमच्या वेंगुर्ल्यात मासा जिवंत आहे का, असं कोणी विचारत नाही. ताजा आहे का एवढंच विचारतात आणि कल्ले उचलून बघतात. मी आयुष्यभर मासे विकत घेतले, साफ केले, खाल्ले, पाहुण्यांना वाढले. पण मासा जगावा म्हणून देवाला हात जोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती नंदुरबार जिल्ह्यात आली, आणि तीही श्रावणात, जेव्हा आमच्या घरात मासा आणतसुद्धा नाहीत.

माझी मुलगी कल्याणी सातपुड्यातल्या पाड्यांवर बायकांच्या गटांबरोबर काम करते. तळोद्याला तिची भाड्याची खोली आहे. "आई, एकदा येऊन बघ तरी," असं ती कधीपासून म्हणत होती, म्हणून गेले. पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. आणि नेमकं त्याच्या पुढच्या सकाळी मोलगीच्या वरच्या एका पाड्यावर मत्स्यबीज पोचवायचं होतं.

मत्स्यबीज म्हणजे माशांची पिल्लं. बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. पाड्यावरच्या बायकांनी डोंगराच्या कुशीत एक तळं खणून घेतलं होतं, त्यात ती सोडायची होती. धानोऱ्याजवळच्या एका खाजगी बीज केंद्रातून ती घ्यायची, छोट्या ट्रकने नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा करत घाट चढायचा आणि मोलगीला न्यायची, असा बेत होता.

"तू जाशील का गाडीबरोबर?" कल्याणीने पांघरुणातून विचारलं. "तुला काही करायचं नाही. नुसतं पिशव्यांवर लक्ष ठेव."

गॅस बंद केला की नाही हे बघायला जी बाई एसटी स्टँडवरून घरी परत येते, तिला नुसतं लक्ष ठेव म्हणणं म्हणजे काय, हे माझ्या मुलीला कळायला हवं होतं. मी हो म्हटलं आणि लगेच पिशव्या किती, हे तिला दोनदा विचारून घेतलं.

धानोरा

गाडी युनूसभाईंची. युनूसभाई तळोद्याचे, पंचेचाळिशीचे, चार पिढ्या तिथेच. आजोबा बैलगाड्यांची चाकं बनवायचे, हे चाकं चालवतात. गाडी अशी धुतलेली की मला चप्पल घालून आत पाय ठेवायला संकोच वाटला. हा छोटा ट्रक डिझेलवर चालत नाही, पेट्रोल आणि गॅसवर चालतो, म्हणून त्याला प्लग लागतात आणि त्याचं इंजिन पुढे नसून आपल्या बसायच्या सीटखाली असतं. ही माहिती मला सकाळी कोणी दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

बरोबर सायसीबाई होत्या. पाड्यावरच्या गटाच्या त्या म्होरक्या. आदल्या संध्याकाळीच डोंगरातून उतरून आमच्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. माझ्यापेक्षा वयाने थोड्या लहान असाव्यात, अंगाने काटक, बोलायला मोजक्या. घरी त्या भिली बोलतात, माझ्याशी मराठी बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून घेत. रात्री जेवताना मी त्यांना विचारलं होतं, मागच्या वर्षीही मासे आणले होते ना?

"आणले होते. समदे मेले," त्या म्हणाल्या. "सोडले तवा बरे होते. सकाळी पाण्यावर पांढरंच पांढरं. मग गावातली माणसं हसली. बायांनी बी सांगलं, औंदा मेले तर तळं म्हशींना देऊन टाकू. मीच उभी राहिली, बोलली, अजून एकदा आणू." एवढं बोलून त्यांनी ताटातली भाकरी मोडली.

बीज केंद्रावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. हौदातून जाळीने बोटुकली काढून ती प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत भरत होते. तळाशी थोडं पाणी, वर नळीने ऑक्सिजन, आणि पिशवी फुग्यासारखी टम्म झाली की रबराने तोंड करकचून आवळायचं. रोहू, मृगळ आणि कटला. मला तर सगळी सारखीच दिसली, पाण्यात हलणारे टाचणीसारखे डोळे. तिथल्या मालकांनी सांगितलं की कटला सगळ्यात नाजूक. गरम होऊ द्यायचं नाही, आदळू द्यायचं नाही, आणि दुपार उलटायच्या आत तळ्यात गेलं पाहिजे. नंतरचं नंतर, असं म्हणून त्यांनी हात वर केले.

त्यांच्या घरच्यांनी आम्हाला न्याहारी दिली. कळण्याची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली ती भाकरी मी दुसऱ्या कुठल्या दिवशी चवीने खाल्ली असती. आमच्याकडे सकाळी मऊ भात नाहीतर घावणे, त्यामुळे ठेच्याच्या पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. युनूसभाई खुशीत हसले. "ताई, हाई खान्देशनं पानी शे, डोयामातूनच येस," आपल्या अहिराणीत म्हणाले.

पिशव्या बारा होत्या. मागच्या हौद्यात ओल्या पोत्यांवर दहा मावल्या. उरलेल्या दोन कटल्याच्या. सायसीबाईंनी त्या उचलून पुढे आणल्या आणि दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर ओलं पोतं टाकून ठेवल्या. तिथे सावली होती, हादरा कमी बसेल असं त्यांना वाटलं. त्या स्वतः मागे बसल्या, ताडपत्रीखाली, पिशव्यांना टेकून. केबिनच्या मागच्या खिडकीतून त्यांनी माझ्याकडे एक तांब्या आणि पाण्याचा कॅन दिला.

"बाय, पोतं वाळू देऊ नको. पाणी मारत राय. गरम नाय झालं पाहिजे."

हे मला करता येण्यासारखं होतं. मी तांब्या घट्ट धरला.

धानोऱ्यापासून पुढे

तापीवरचा पूल ओलांडला तेव्हा नदी गढूळ आणि रुंद होती. दोन्ही बाजूंना कापूस, ऊस, मधे पपईच्या बागा. युनूसभाई प्रत्येक गावाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी प्रत्येक वेळी हूं म्हणून पिशवीला हात लावून बघत होते. पिशवी कोमट लागायची. मी पाणी मारायची. थोड्या वेळाने पुन्हा कोमट. माझ्या मनात येई की उन्हामुळे होतंय. ऊन नव्हतंच, आभाळ भरलेलं होतं. पण भित्र्या माणसाला कारण लागत नाही. मी पोतं चांगलं निथळेपर्यंत भिजवत राहिले.

तळोद्याला कल्याणीच्या दारात दोन मिनिटं थांबलो. ती शाल गुंडाळून बाहेर आली, पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "मस्त आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, श्वास घे."

अक्कलकुव्याला कॅन रिकामा झाला, तो मी हॉटेलातून भरून घेतला. युनूसभाईंनी तेवढ्यात चहा घेतला. मला चहा नको होता, मला घाट हवा होता, म्हणजे एकदाचा संपलेला हवा होता. सायसीबाई मागे पिशवीला कान लावून बसल्या होत्या. काय ऐकू येतं असं विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय. पण कान लावला की बरं वाटतं." मी पुढे येऊन बसल्यावर माझ्या कटल्यालाही कान लावून बघितला. मला फक्त गाडीची घरघर ऐकू आली, पण त्या घरघरीत काहीतरी अडखळत होतं. युनूसभाईंच्या कपाळावर आठी होती. मी पोत्यावर आणखी एक तांब्या ओतला.

देवगोईचा घाट

घाट सुरू झाला आणि गाडीला उचकी लागली. एक वळण कसंबसं चढलो, दुसऱ्या वळणावर सगळी गाडी थरथरली, पिशव्या डुचमळल्या आणि इंजिन बंद पडलं. युनूसभाईंनी हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला. पुन्हा चावी फिरवली. खर्र, खर्र, आणि मग काही नाही.

"उतरा ताई, सीट उचलनी पडी."

मी पिशव्या उचलून बाजूला घेतल्या. युनूसभाईंनी सीट वर केली. खाली इंजिनावर एक काळं झाकण होतं, त्याच्या कडेच्या खोबणीत पाणी साठलेलं. त्यांनी झाकण काढलं आणि आत बघतच राहिले. जिथे प्लग बसतात त्या दोन खोल भोकांत पाणी काठोकाठ भरलं होतं.

"हाई पानी कोठून उनं?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातात तांब्या होता. त्यांनी आधी तांब्याकडे बघितलं, मग ओल्या पोत्याकडे, मग माझ्याकडे. मी तांब्या पदराआड घेतला.

"ताई, इंजिनवर कोनी पानी टाकस का?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सायसीबाई मागून उतरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगलं तिला. मागं पाणी मारलं तर काय झालं नाय. पुढं इंजिन आहे ते मला काय माहीत." मग झाकणाच्या कडेला बोट लावून म्हणाल्या, "अन् हे रबर कुठंय? इथं सायकलची ट्यूब चिकटवली."

युनूसभाईंनी त्या ट्यूबवर बोट दाबून बघितलं. झाकणाचं मूळ रबर फाटल्यावर त्यांनीच तिथे ट्यूबची पट्टी लावली होती, आणि तीही एका बाजूने सुटली होती. इतक्या वेळा गाडी धुतली तरी कधी पाणी गेलं नाही, असं ते स्वतःशी पुटपुटले. म्हणजे दोष तिघांचाही होता. आम्ही तिघंही त्या दोन भरलेल्या भोकांकडे बघत उभे राहिलो. गरम होत होत्या त्या पिशव्या कशामुळे, हेही मला तेव्हा कळलं. मी सकाळपासून कटल्याला इंजिनावर बसवून वरून गार करत होते.

पुढचा प्रश्न असा की प्लग खोलून पुसून टाकायचे तर तेही करता येत नव्हतं. "प्लग खोला आन हाई पानी आत पडनं, त इंजिन गयं समजा," युनूसभाई म्हणाले. पहिल्यांदा पाणी काढायला हवं. त्यांनी काडीला फडकं गुंडाळून बुडवायला सुरुवात केली. फडकं भिजायचं, पिळायचं, पुन्हा बुडवायचं. त्या वेगाने दुपार उलटून गेली असती.

वळणावरच कुडाच्या भिंतींची दोन घरं होती. सायसीबाई तिकडे गेल्या आणि तिथल्या बाईशी भिलीत काहीतरी बोलल्या. येताना हातात चूल फुंकायची लोखंडी फुंकणी घेऊन आल्या, आणि मागोमाग ती बाईही आली, पदराला हात पुसत. सायसीबाईंनी फुंकणी एका भोकात धरली, गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली. काळं पाणी उसळून त्यांच्याच तोंडावर आलं. युनूसभाई दचकले, मग त्यांना हसू फुटलं. घाटातलं ते पहिलं हसू. मग आळीपाळीने आम्ही तिघी फुंकत राहिलो. चुलीसमोर जन्म गेला तरी असं काही फुंकावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. माझं तोंड तेलकट झालं, कानात गुणगुण सुरू झाली, पण भोकं कोरडी झाली.

हे सगळं होत असताना माझा अर्धा जीव पिशव्यांत होता. गाडी उभी, ताडपत्रीखाली कोंडलेली हवा. सायसीबाईंनी त्याचाही निकाल लावला. घरांच्या पलीकडे एक ओहोळ वाहत होता. सगळ्या पिशव्या तिथे नेऊन, गुडघाभर पाण्यात दगडांच्या आडोशाने उभ्या केल्या. पिशवी बाहेरून गार झाली तर आतलं पाणीही गार राहतं. मला ते पटलं, पण लगेच दुसरी काळजी लागली. वर डोंगरात पाऊस पडला आणि ओहोळ वाढला तर? मी तिथे आणि गाडीपाशी अशा येरझाऱ्या घालत बसले. दर खेपेला पिशव्या होत्या तिथेच होत्या.

युनूसभाईंनी प्लग खोलले. दोन्ही ओले, काळवंडलेले. ते वाळवायची त्यांना घाई होती. त्या घरातल्या बाईने काही न विचारता ते हातातून घेतले आणि घरात जाऊन चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर ठेवले. वर तव्यावर मक्याची भाकरी होती. आम्ही चुलीसमोर बसलो, खाली प्लग भाजतायत, वर भाकरी. भाकरी झाली तशी तिने ती मोडून आम्हाला दिली, बरोबर उडदाची डाळ, तिखटजाळ. पाहुण्याला आधी काम विचारायचं की आधी वाढायचं, हा प्रश्नच तिथे नव्हता. आमच्याकडे आधी कोण, कुठले, कोणाकडे आलात हे सगळं होतं आणि मग चहाला ठेवतात. मला भूक नव्हती तरी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

प्लग चिमट्याने बाहेर काढले. युनूसभाईंनी एक फडक्याने पुसला, उजेडात धरला, ठीक आहे म्हणाले. दुसरा पुसला आणि उजेडात फिरवत राहिले. पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला एक चीर गेली होती, केसाएवढी. तापलेल्या प्लगवर गार पाणी पडल्यावर तो तडकतो. हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही, पण मी मुलाबाळांना काचेच्या ग्लासात गरम चहा ओतू नका म्हणणारी बाई आहे, मला समजलं.

"दुसरा नाही?"

"नही. परवा बहिणना पोऱ्यानी गाडीले दिधा."

तरीही त्यांनी दोन्ही बसवून बघितलं. गाडी चालू झाली, पण लंगडत, दोनपैकी एकाच सिलिंडरवर, सगळं अंग हलवत. रिकामीसुद्धा घाट चढली नसती. त्यांनी ती बंद केली. मी ओहोळाकडे गेले आणि उगाच एकेका पिशवीवर हात फिरवला. एका पिशवीच्या तळाशी दोन बोटुकली निपचित पडली होती. मी ते सायसीबाईंना सांगितलं नाही. त्यांनी ते आधीच बघितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

बाजाराची जीप

त्या दिवशी मोलगीचा आठवड्याचा बाजार होता. खालून एक जीप आली. आत किती माणसं आहेत हे बाहेरून सांगता येत नव्हतं. टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, बॉनेटवर एक कोंबड्यांची टोपली. सायसीबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. जीप थांबली. त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, मग ओहोळाकडे बोट दाखवलं. पुढे काय होईल ते मला कळेना, कारण त्या जीपमधे पिशवीच काय, पुडीही ठेवायला जागा नव्हती.

पण माणसं उतरली. ओहोळात गेली, पिशव्या उचलून आणल्या आणि पुन्हा आपापल्या जागी बसली, मांडीवर पिशवी घेऊन. टपावरच्यांनीही खाली हात केले. एका म्हाताऱ्याने आपली छत्री उघडून पिशवीवर धरली. काय आहे, कोणाचं आहे, कुठे उतरवायचं, हे सगळं मागाहून विचारणं चालू झालं. एसटीत शेजारच्याने आपल्या मांडीवर पिशवी ठेवली तर आम्ही डोळे वटारतो. मी सीटवर रुमाल टाकून जागा धरणारी बाई, त्या रस्त्यावर खाली मान घालून उभी राहिले.

निम्म्या पिशव्या गेल्या. मागून दुसरी जीप आली, तिच्यात उरलेल्या. पहिल्या जीपमधल्या पिशव्या मी मोजल्या, दुसरीतल्या सायसीबाईंनी. युनूसभाईंनी तडकलेला प्लग फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. मोलगीत असाच घेऊन खाली जाणाऱ्या जीपवाल्याजवळ द्या, म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी बठस अठे. माले काय वाघ खाई?"

मी दुसऱ्या जीपमधे कोणाच्या तरी गुडघ्यावर बसून घाट चढले. बाहेर ढग रस्त्यावर उतरले होते, दरीतून धबधबे दिसत होते, आणि मला त्यातलं काहीही धड आठवत नाही. आठवतो तो समोर बसलेल्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीतला एक मासा. तो पिशवीच्या एकाच कोपऱ्यात गोल फिरत होता. तो फिरायचा थांबला की माझाही श्वास थांबायचा.

मोलगीच्या बाजारात आमचूर, भगर, सुकी मिरची यांचे ढीग, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेतलेली माणसं, चिखल. एका दुकानाच्या पायरीवर पिशव्या जमा झाल्या. सायसीबाईंनी मोजल्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. अकरा. एक कटल्याची कमी.

मी हादरले. पहिल्या जीपमधे मावेना म्हणून उतरवलेली एक पिशवी मी आधीच मोजली होती, आणि ती दुसरीत गेल्यावर सायसीबाईंनीही मोजली होती. बाराव्या पिशवीचं काय झालं? कोणी मधेच उतरून घेऊन गेलं? फुटली? फोनला रेंज नव्हती. सायसीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अकरा तर न्यावं लागेल, बाय."

मी दुकानांतून प्लग शोधला. तिसऱ्या दुकानात तसाच मिळाला. तो खाली जाणाऱ्या जीपवाल्याच्या खिशात घातला, आणि आम्ही पिशव्या घेऊन आणखी एका जीपने वर निघालो, मग पायवाट. पाड्यावरच्या बायका वाटेवर येऊन थांबल्या होत्या. त्यांनी पिशव्या डोक्यावर घेतल्या. कोणी हसलं नाही. दुपार उलटली होती.

तळं

तळं लहानच होतं. लाल मातीचा बांध, पावसाचं गढूळ पाणी. मला वाटलं, आता पोचलो, पिशव्या फोडा आणि सोडा. पण सायसीबाईंनी पिशव्या तोंड न सोडता पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं पाणी आणि तळ्याचं पाणी सारखं गार व्हायला हवं, नाहीतर मासा दचकून मरतो. मागच्या वर्षी त्यांनी हेच केलं नव्हतं, घाईत सोडून दिलं होतं. आता त्या बांधावर बसल्या, हात गुडघ्यांभोवती. त्यांच्या शेजारी मी. गावातले काही पुरुष लांब उभे राहून बघत होते.

एका बाईने बाटलीतून मोहाच्या दारूची धार पाण्याच्या काठावर सोडली, मातीला आणि पाण्याला आधी दिल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, मासे मिळावेत म्हणून. इथे आधी धार आणि मग मासेच पाण्याला द्यायचे होते. मी हात जोडले. कोणत्या देवाला ते माझं मलाच कळलं नाही.

पिशव्या एकेक करून सोडल्या. तोंड तिरकं धरलं की बोटुकली बाहेर पडायची आणि क्षणात नाहीशी व्हायची. काही पांढरी होऊन तळाशीच राहिली, ती सायसीबाईंनी मुठीत घेऊन बांधामागे पुरली. मी वाकून बघत राहिले. पाण्यात काहीच दिसेना.

"कुठं गेली?" मी घाबरून विचारलं.

"जिता मासा दिसत नाय बाय," त्या म्हणाल्या. "मेला की वर येतो."

म्हणजे सकाळपर्यंत काही कळणार नव्हतं.

दिवस मावळायला आला तेव्हा खालच्या वाटेवरून युनूसभाई येताना दिसले. गाडी जिथपर्यंत येते तिथे ठेवून चालत आले होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांत, तान्ह्या मुलासारखी, बारावी पिशवी होती.

"हाई वड्यामा ऱ्हाई गयी व्हती, दगडना मांगे," ते म्हणाले. जीपा गेल्यावर त्यांना ती दिसली होती. नवीन प्लग येईपर्यंत ते ओहोळाच्या काठाला बसून राहिले, पाणी वाढलं की पिशवी वर सरकवत. मग गाडी आणताना ती मागे ठेवली, आपली चादर भिजवून तिच्याभोवती गुंडाळून. "पुढे नही ठेवी," असं माझ्याकडे बघत त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी हसले आणि मला रडूही आलं.

त्या पिशवीत निम्मी मेलेली होती. उरलेली सायसीबाईंनी तशीच, सगळ्यांइतकाच वेळ तरंगत ठेवून, मग सोडली.

सकाळ

रात्री मी सायसीबाईंच्या घरात झोपले, म्हणजे पडून राहिले. उजाडायच्या आधीच त्या उठल्याचं ऐकलं आणि मागोमाग गेले. युनूसभाई ओसरीवर झोपले होते, तेही आमच्या आवाजाने उठून आले. बांधाच्या अलीकडे सायसीबाई एकदम थांबल्या. मागच्या वर्षी इथूनच त्यांना पांढरं दिसलं होतं. त्यांनी माझा हात धरला. सबंध प्रवासात पहिल्यांदा.

"तू बघ," त्या म्हणाल्या.

मी बांधावर चढले. उजेड पुरेसा होता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मी नीट बघितलं, मग पुन्हा बघितलं, कोपऱ्यातल्या गवताखालीही बघितलं. लाल, गढूळ, सपाट पाणी. त्यावर एक पान तरंगत होतं.

"काय दिसतं?" सायसीबाईंनी खालून विचारलं.

"काही नाही."

"एक बी नही?" युनूसभाईंनी विचारलं.

"एकही नाही."

सायसीबाई वर आल्या. त्या रिकाम्या पाण्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग पदराने तोंड पुसलं, वळल्या, आणि बायकांना उठवायला पाड्याकडे निघाल्या. आधी चालत, आणि मग चक्क पळत.